लढून मिळवलेल्या बीपीचं करायचं काय? पोकेमॉनच्या बक्षीस काउंटरांचा कोल्हापुरी रिव्ह्यू

सगळेजण गेमचा रिव्ह्यू करतात, ग्राफिक्स कसं आहे, स्टोरी कशी आहे, गेम कुठं अडकतोय. मी इथं गेमच्या आतल्या दुकानाचा करतोय. म्हणजे पोकेमॉनमध्ये लढाया जिंकून जे पॉईंट मिळतात, बॅटल पॉईंट, सगळे बीपी म्हणतात, ते घेऊन आपण ज्या काउंटरवर जाऊन उभं राहतो तो काउंटर. आणि त्याच्याबरोबर पोकेमॉन गो, म्हणजे रस्त्यानं फिरत मोबाईलवर खेळायची गेम, तिच्यातली जिमची (लढायच्या अड्ड्यांची) कॉईन पण घेतोय, कारण कोल्हापुरात बीपी म्हणजे काय माहीत असलेली माणसं मोजकीच, पण कॉईनसाठी संध्याकाळी रंकाळ्यावर मोबाईल पुढं धरून चालणारे गडी अजून दिसतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, ज्याला पुढं वाचायचं नाही त्यानं इथंच थांबलं तरी चालंल: जे चलन पैसे टाकून मिळत नाही त्याचं दुकान कितीही महाग असूदे, तिथं माल घ्यायला मजा येते. ज्याला एकदा रुपयाचा भाव लागला तिथली लढाई म्हणजे नुसती हजेरी.

सुरुवात एमराल्डपासनंच करायला लागणार, दुसरा पर्यायच नाही. पोकेमॉन एमराल्ड जपानात २००४ ला आली, बाहेर २००५ ला, आणि मला ती खेळायला मिळाली ती मावसभावाच्या जुन्या डीएस लाइटवर (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र), त्याला खाली आधीच्या गेमबॉय ॲडव्हान्सची कार्ट, म्हणजे गेमची कॅसेट, बसायची खाच असते तिच्यात घालून. (कार्ट घेताना जपून बरं का, ऑनलाईन मागवलेली पहिली डुप्लिकेट निघाली, चॅम्पियनला पाडल्यावर सेव्हच गायब. ओरिजिनल एमराल्डचं प्लॅस्टिक हिरवं, आरपार दिसणारं असतंय. जुन्या कार्टमधली बॅटरी संपली असली की सुरू करताना मेसेज येतोय, त्याला घाबरायचं नाही, घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी तेवढ्या बंद पडतात, सेव्ह आणि बीपी जाग्यावर राहतात.) एलिट फोर, म्हणजे गेमच्या शेवटचे चार तगडे गडी, संपवले की बोटीत बसून बॅटल फ्रंटियरला जायचं. एक अख्खं बेट आणि त्यावर सात इमारती, टॉवर, डोम, पॅलेस, अरीना, फॅक्टरी, पाईक आणि पिरॅमिड. प्रत्येकाचा नियम वेगळा. पॅलेसमध्ये तुम्ही हुकूमच देऊ शकत नाही, पोकेमॉन आपल्या स्वभावाप्रमाणं स्वतःच ठरवून लढतोय आणि आपण बाहेरनं बोंबलत बसायचं. अरीनामध्ये तीन चाली झाल्या की पंच निकाल देतो. फॅक्टरीत स्वतःचं काहीच न्यायचं नाही, भाड्याचे सहा समोर ठेवतात त्यातले तीन निवडायचे आणि जिंकलं की समोरच्याचा एक बदलून घेता येतो. नवीन माणसानं फॅक्टरीपासनं सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण बाकी ठिकाणी आधी घरी बसून पोकेमॉन घडवायला जो वेळ जातोय तो तिथं वाचतोय.

आता मजुरी. बॅटल टॉवरला सिंगलमध्ये ओळीनं सात लढाया जिंकायच्या आणि त्याचा मिळतो एक बीपी. एक! बरोबर वाचलं. पुढच्या सातला जरा वाढतो, त्याच्या पुढच्या सातला अजून जरा, पण मधी कुठं हरलात की परत एकपासनं चालू. बॅग वापरता येत नाही, पोशन, रिव्हाईव्ह असली औषधं नाहीत, तीन पोकेमॉन घेऊन गेलात ते तीनच. मधीच सेव्ह न करता बंद केलं तर हरल्यात जमा. आणि हरवणारे कसे भेटतात ते पण सांगतो. पस्तिसाव्या लढाईला टॉवरची मालकीण अनाबेल येते, अलाकझाम, एन्टे आणि स्नॉरलॅक्स घेऊन. ती अगदी तोंडावर आलेली, माझी टीम एक नंबर चाललेली, आणि समोर आला एक वॉलरीन. त्यानं मारला शीअर कोल्ड. लागला तर एका फटक्यात खल्लास, आणि सारख्या लेव्हलला तो लागायची शक्यता फक्त ३० टक्के. पहिला लागला. बरं म्हटलं, होतंय कधी कधी. दुसरा पोकेमॉन काढला, त्याला पण लागला. मग तिसऱ्याच्या वेळी मी डीएस बंद करून गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन आलो, परत येऊन उघडला तर टॉवरची बाई शांतपणे सांगतीया की तुमचं चॅलेंज बाद झालं.

एवढं करून ते बीपी घेऊन एक्सचेंज सर्व्हिस कॉर्नरला जायचं. तिथं चार काउंटर, चार बायका. एका काउंटरला व्हिटॅमिन, एकाला पोकेमॉनच्या हातात द्यायच्या वस्तू, आणि दोन काउंटर नुसते शोभेच्या सामानाचे. दर फिक्स, घासाघीस नाही, सेल नाही, दिवाळी ऑफर नाही. व्हिटॅमिन म्हणजे पोकेमॉनचा जोर वाढवणारं प्रोटीन, कॅल्शियम वगैरे, एक बीपीला एक. हातातल्या वस्तूंत लेफ्टओव्हर्स ४८, क्विक क्लॉ ४८, चॉईस बँड ६४, किंग्ज रॉक ६४. आणि इथंच खरा विषय आहे, जो मला लई उशिरा टाळक्यात आला. तेच प्रोटीन बाहेर दुकानात ९,८०० ला मिळतंय. म्हणजे एका बीपीचा बाजारभाव झाला ९,८००. मग चॉईस बँडची किंमत काढा, ६४ गुणिले ९,८०० म्हणजे ६,२७,२००. पूर्ण गेममध्ये पाकिटात जास्तीत जास्त ९,९९,९९९ मावतात, त्यातला अर्ध्याहून जास्त एका पट्टीला! आणि ती पट्टी करते काय, तर अटॅक दीडपट करते आणि तुम्हाला एकाच चालीला बांधून ठेवते. पण एमराल्डमध्ये ती दुसरीकडं कुठं मिळतच नाही, म्हणून भाव.

अजून भारी गोष्ट शोभेच्या काउंटरला. तिथं बाहुल्या मिळतात, आपल्या सीक्रेट बेसमध्ये, म्हणजे गेममधल्या आपल्या गुप्त खोलीत, मांडायला. स्मूचमची छोटी ३२ ला, डिट्टो ४८ ला, मोठी स्नॉरलॅक्स १२८ ला, लॅप्रस १२८ ला, आणि सगळ्यात वर व्हीनसॉर, चारिझार्ड, ब्लास्टॉइज, प्रत्येकी २५६ बीपी. वरच्या भावानं चारिझार्डची बाहुली पडली २५,०८,८०० ला, म्हणजे पाकिटात मावतात त्याच्या अडीच पट. बरं कुणी म्हणंल हा विकत घ्यायचा भाव झाला, विकायचा धरा. तो पण धरतो. दुकानदार निम्म्यानं घेतो, प्रोटीनचे ४,९०० देतो, तरी १२,५४,४०० होतात. तरी पाकीट फाटतंय. आणि ही बाहुली लढाईत काडीचा उपयोग नसलेली. नुसती बेसमध्ये ठेवायची, आणि कोण मित्र केबल जोडून डेटा मिसळायला आला तर त्याला दिसणार. कोणाकडं असते अशी केबल! मी घेतली. चॉईस बँडच्या आधी घेतली. मावसभाऊ म्हणाला, "तुला काय कळतंय काय, बाहुलीला २५६?" त्याला काय सांगू, ज्याच्या बेसमध्ये ती आहे त्यानं ती कशी मिळवली ते बघणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आपल्याकडं ज्यांनी खासबागला किंवा गावच्या जत्रेत कुस्त्या बघितल्यात त्यांना हे लगेच कळंल. बारकी पोरं रेवडीवर कुस्ती धरतात, मग नारळ, मग दहा-वीस-पन्नासाची, चढत चढत शेवटी गदेची. आता चांदीची गदा काय, गुजरीत जाऊन पैसे टाकले तर कोण पण सराफ करून देईल, वजनाला वजन. पण तशी करून आणलेली गदा घरात मांडून बघा, तालमीतली पोरं काय म्हणतात ते. एमराल्डवाल्यांना हे बरोबर कळलेलं. टॉवरचा पहिला एक बीपी ही रेवडी, २५६ ची बाहुली ही गदा, आणि मधी कुठंही रोख रकमेनं आत शिरायचा दरवाजा ठेवलेला नाही. बीपी देऊन पैसे करता येतात, व्हिटॅमिन घेऊन विका. पैसे देऊन बीपी करता येत नाहीत. रस्ता एकतर्फी. माझ्या मते आख्ख्या फ्रंटियरमधलं सगळ्यात हुशार काम हेच आहे, सात इमारतींचे नियम वगैरे नंतर.

तक्रार नाही असं नाही. स्कॉट नावाचा चष्मेवाला माणूस, ज्यानं आपल्याला बेटावर बोलावलं, तो पहिल्या भेटीत हातावर दोन-चार बीपी टेकवतो, ठीक आहे, चहापाणी. पण त्यानंतर सगळी सिल्व्हर सिम्बॉल, म्हणजे इमारतींच्या मालकांना पहिल्यांदा पाडल्याच्या खुणा, गोळा केली की तो देतो एक लान्सॅट बेरी, आणि सगळी गोल्ड केली की एक स्टार्फ बेरी. एक बेरी! माणसानं सात इमारतींच्या मालकांना दोन-दोनदा लोळवायचं, अनाबेलला सत्तराव्या लढाईला राईकू आणि लॅटिओससकट पाडायचं, आणि बदल्यात फळ. त्यापेक्षा टॉवरला ओळीनं १०० जिंकल्यावर मिळणारी सोन्याची ढाल बरी, बेसमध्ये मांडता तरी येते. आणि मूव्ह (लढाईतली चाल) शिकवणाऱ्या बायका दोन घरं टाकून बसलेल्या, बॉडी स्लॅम ४८, स्वॉर्ड्स डान्स ४८, थंडर वेव्ह ४८, म्हणजे एक पोकेमॉन नीट घडवायचा तर दोन मूव्हमध्येच शंभरच्या आसपास गेले. ते घेतल्याशिवाय टॉवरला टिकत नाही आणि टॉवरला टिकल्याशिवाय ते घेता येत नाही. पहिले काही दिवस लई जीवावर येतात. पाचपैकी साडेचार स्टार देतो, अर्धा त्या बेरीसाठी कापला.

पुढची गेम प्लॅटिनम, २००८. इथं फ्रंटियर पाच इमारतींची केली, टॉवर, फॅक्टरी, हॉल, कॅसल, आर्केड. दर जरा माणसात आले, चॉईस बँड, स्कार्फ, स्पेक्स, फोकस सॅश, सगळं ४८. पण अर्थक्वेक ही चाल शिकवणारी टीएम ८० बीपी, आणि त्यावेळी टीएम एकदा वापरली की संपली, आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. कॅसलमध्ये तर अजून एक वेगळंच चलन काढलं, कॅसल पॉईंट. लढाई किती सफाईनं जिंकली यावर पॉईंट मिळणार आणि ते त्याच इमारतीत खर्च करायचे, पोकेमॉन बरा करून घ्यायला, वस्तू भाड्यानं घ्यायला, नाहीतर पुढचा गडी कुठले पोकेमॉन आणतोय ते आधी बघायला. ही आयडिया मला लई आवडली होती. आता बरा करू का पुढच्याची माहिती काढू, हा हिशोब प्रत्येक लढाईनंतर करायचा आणि घाम फुटायचा. २००९ च्या हार्टगोल्ड सोलसिल्व्हरमध्ये हीच फ्रंटियर परत आली, त्यानंतर कुणी ती पुढं नेली नाही.

ब्लॅक व्हाईट या गेमची सबवे, एक्स वायची मेसाँ, म्हणजे तिथली लढायची ठिकाणं, यावर वेळ घालवत नाही. रेल्वे छान, मेसाँ देखणी, दुकान तेच. फक्त २०१४ ला ओमेगा रुबी आणि अल्फा सफायर आले, एमराल्डच्याच प्रदेशात, सगळ्यांना वाटलं आता फ्रंटियर परत येणार, आणि बेटावर जाऊन बघतोय तर मेसाँच, आणि आत फ्रंटियरचं एक खेळण्याएवढं मॉडेल ठेवलेलं, म्हणे प्रोजेक्ट सुरू झालाय. आपल्याकडं पण कोनशिला बसतात की.

स्वोर्ड शील्ड, २०१९. इम्पोर्टवाल्याकडनं घेतलेला स्विच (निन्टेंडोचं नंतरचं यंत्र) आमच्यात भाच्याच्या ताब्यात असतोय, त्यामुळं हा रिव्ह्यू निम्मा त्याचा आहे. इथं ओळीनं जिंकायची भानगडच काढून टाकली. बॅटल टॉवरला जायचं, जिंकलं की प्रत्येक लढाईला बीपी लगेच हातात, हरलं तर रँकमध्ये जरा मागं, विषय संपला. स्वतःची टीम नसली तरी काउंटरवर भाड्याची तयार टीम मिळते. दर पण सैल, बॉटल कॅप २५, अबिलिटी कॅप्सूल ५०, आणि मिंट ५०. मिंट म्हणजे पोकेमॉनचा स्वभाव ज्या आकड्यांवर परिणाम करतो ते बदलून टाकणारी पुडी, नावाला स्वभाव तोच दिसतो पण आकडे बदलतात. पूर्वी हवा तो स्वभाव यायला अंडी फोडत बसायला लागायचं, आता ५० टाका आणि मोकळे व्हा. व्हिटॅमिन दोन बीपीला, बाहेर १०,००० ला. म्हणजे बीपीचा भाव निम्म्यावर आला, ५,०००. महागाई उलटी!

आता हे चांगलं का वाईट. भाचा परवा सोफ्यावर आडवा पडून खेळत होता, टीव्हीवर लढाई, हातात चिरमुरे, एकच बटण टपटप दाबत होता, स्क्रीनकडं बघत पण नव्हता. समोरचा डायनामॅक्स करून मोठा झाला तरी मान वर नाही. लढाई संपली, बीपी जमा झाले, परत पुढची. मी त्याला एमराल्डची गोष्ट सांगितली, सात जिंकल्यावर एक मिळायचा म्हणून. तो म्हणाला, "मामा, मग तू खेळायचास कशाला?" आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबरच आहे. त्याला बीपी हवेत ते मिंट घ्यायला, मिंट हवी ती ऑनलाईन रँकच्या लढाईला, तिथं समोर खरा माणूस असतोय, तिथं हा पोरगा सरळ बसून खेळतो, नखं खातो. त्याच्यासाठी टॉवर हे काम आहे, खेळ दुसरीकडं आहे. ज्याला शाळा क्लास सांभाळून लढायला टीम पाहिजे त्याला ह्या दुकानाला मी चार स्टार देईन, सर्व्हिस फास्ट, माल सगळा उपयोगाचा. पण दुकानात अशी एक पण वस्तू नाही जी बघून शेजारचं पोरगं म्हणंल, आयला, हे कुठनं आणलंस. म्हणून पाचवा नाही. एक २५६ ची बाहुली ठेवायला काय जात होतं?

स्कार्लेट व्हायोलेट २०२२ ला आली तेव्हा बॅटल टॉवर पण नाही आणि बीपी पण नाही. त्याच्या जागी लीग पॉईंट, एलपी, जे पैशासारखेच दुकानात चालतात. मग १४ डिसेंबर २०२३ ला इंडिगो डिस्क ही त्याच गेमची वाढीव पुरवणी आली आणि बीपी परत आले म्हणून आम्ही उड्या मारल्या. उघडून बघतोय तर ब्लूबेरी पॉईंट. लढाईचा संबंधच नाही फारसा, फोटो काढा, खाली पडलेल्या वस्तू उचला, अमुक प्रकारचा पोकेमॉन पकडा, अशी बारीक कामं करत फिरायचं. टेरारियम, म्हणजे तिथलं मोकळं रान, त्याच्या एका भागात जुन्या गेमचे स्टार्टर (सुरुवातीला मिळणारे) पोकेमॉन यावेत म्हणून ३,००० बीपी, असे चार भाग. मित्र मिळून खेळले तर पटापट जमतात, एकट्यानं केलं तर अंगण झाडल्यागत वाटतंय. बीपी नाव वापरायला नको होतं एवढंच म्हणतो. दोन स्टार, ते पण स्टार्टर पोकेमॉन मिळतात म्हणून.

आता पोकेमॉन गो, कारण शिव्या आणि प्रेम दोन्ही इथंच जास्त आहे. गेम जगात जुलै २०१६ ला आली, भारतात अधिकृत यायला डिसेंबर उजाडला, जिओबरोबर करार करून. तोपर्यंत आमच्यातली अर्धी पोरं बाहेरनं फाईल टाकून खेळून कंटाळलेली पण होती. लढाईची मजुरी अशी: जिम जिंका, तिथं आपला एक पोकेमॉन राखणीला बसवा, दर दहा मिनिटाला एक कॉईन. दिवसाला जास्तीत जास्त ५०. म्हणजे आठ तास वीस मिनिटं राखण केली की दिवसाची पूर्ण हजेरी भरली. इथपर्यंत ऐकायला रास्त वाटतंय. आता मेख ऐका. कॉईन मिळतात ते पोकेमॉन परत आल्यावर. परत येणार कधी, तर कुणीतरी येऊन त्याला पाडल्यावर. म्हणजे तुमचा पगार तुमच्या दुष्मनाच्या हातात.

पुण्या-मुंबईत ठीक आहे, तिथं रोज कोण ना कोण जिम पाडतंच. आपल्याकडं काय होतं बघा. मी एकदा पन्हाळ्याला गेलो, तिथल्या जिममध्ये ब्लिसी बसवली आणि खाली आलो. पावसाळा सुरू झाला, वर जाणारी माणसं सगळी भजी, कणीस आणि धुकं बघायला जाणारी, पोकेमॉनवाला एक पण नाही. ब्लिसी तिथंच. रोज ॲप उघडून बघायचं, बसलीया बापडी, मोटिव्हेशन (राखणीचा जोर) कमी होऊन होऊन हार्ट अगदी बारीक झालेलं, लांबनं बेरी चारायची का नाही या विचारात मीच. चारली तर अजून राहणार, नाही चारली तरी पाडायला माणूस पाहिजे की! शेवटी कधीतरी कुणीतरी पाडली आणि एवढे दिवस राखण केल्याचे कॉईन आले ५०. कारण लिमिट दिवसाचं आहे, आणि दिवस धरतात परत आल्याचा. आणि त्याच दिवशी गावातल्या जिममधनं दुसरे दोन पोकेमॉन पण परत आले, त्यांचे शून्य. वर तिघं पण बेशुद्ध, त्यांना रिव्हाईव्ह आणि पोशन माझ्या पिशवीतनं.

यावर इथल्या पोरांनी काढलेला मार्ग मला फार पटतो, नियमात बसणारा आहे आणि जगाला सांगायला हरकत नाही. टीम तीन आहेत, निळी, लाल, पिवळी. आपण पिवळी असू तर निळ्या-लालवाल्या दोघांशी दोस्ती ठेवायची. सकाळी कामावर जाताना जिम घ्यायची, संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, "बिंदू चौकातनं जाणार असलास तर माझा पाड रे". तो पाडतो, स्वतःचा बसवतो, दुसऱ्या दिवशी आपण त्याचा पाडायचा. दोघांचे पण ५०-५०. लढाई कसली, अदलाबदली. पण गेमनं असा नियम केल्यावर माणसं दुसरं काय करणार? यातनं ओळखी मात्र झाल्या, राजारामपुरीतला एक मेडिकलवाला आणि शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जाणारा एक गडी यांची मला नावं माहीत नव्हती तेव्हापासनं त्यांच्या स्नॉरलॅक्सशी ओळख होती.

आता त्या ५० कॉईनचं येतं काय. प्रीमियम बॅटल पास १००, म्हणजे दोन दिवसाची पूर्ण हजेरी. अंडी उबवायचा इन्क्युबेटर १५०, तीन दिवस. पोकेमॉन ठेवायला ५० जागा वाढवायच्या तर २००, चार दिवस. आणि घरबसल्या रेड (सगळ्यांनी मिळून एका दांडग्या पोकेमॉनशी लढाई) करायचा रिमोट पास आधी १०० ला होता, तो एप्रिल २०२३ मध्ये १९५ केला, आणि दिवसाला किती वापरायचे त्याला पण लिमिट लावलं. एका झटक्यात दोन दिवसाचं काम चार दिवसाचं झालं, हजेरी मात्र तीच ५०. पन्नास वाढवले का? नाही. कारण सरळ आहे, तेच कॉईन शेजारच्या बटणावर रुपयाला मिळतात. दुकानदाराला तुम्ही जिम लढून कॉईन मिळवण्यात काय रस? तो तुम्हाला तेवढीच मजुरी देणार जेवढ्यानं तुम्ही रोज ॲप उघडाल आणि तरी कमी पडंल. फ्रंटियरच्या काउंटरवर त्या बाईला माझ्या खिशात किती रुपये आहेत याचं घेणंदेणं नव्हतं, इथं सगळं त्याच्यावरच चाललंय. मे २०२५ पासनं गेम स्कोपली कंपनीकडं गेली, सौदा साडेतीन अब्ज डॉलरचा, एवढा पैसा वसूल कुठनं करणार ते तुम्हीच ओळखा. दर तूर्त तरी मला वेगळे दिसले नाहीत.

बॅटल लीगचं मात्र बरं बोलतो. २०२० ला सुरू झाली, दिवसाला पाच सेट, सेटमध्ये पाच लढाया, समोर खरा माणूस. इथं मुख्य कमाई स्टारडस्टची, म्हणजे पोकेमॉन वाढवायला लागणाऱ्या भुकटीची, आणि स्टारडस्ट सरळ रुपयानं विकत मिळत नाही, म्हणून ते अजून चलन म्हणून जिवंत आहे. एखाद्या पोकेमॉनला दुसरी चार्ज मूव्ह (जोर साठवून मारायचा मोठा फटका) उघडायची तर १०,००० पासनं लेजंडरीला १,००,००० पर्यंत जातात, त्यामुळं कधीच पुरत नाही, कितीही मिळवा. ग्रेट लीगला १,५०० सीपीची (पोकेमॉनच्या ताकदीचा आकडा) मर्यादा असल्यानं कालचं पोरगं पण जुन्या खेळाडूला लोळवू शकतं, हे मला सगळ्यात आवडतं. वाईट एकच, काही जण मुद्दाम हरतात. आधी सेट हरून रँक खाली पाडायची आणि मग खालच्या पोरांना धुवून स्टारडस्ट गोळा करायचं. समोरच्यानं पहिल्या दहा सेकंदात मैदान सोडलं की कळतंय, हा त्यातला. आणि नेटवर्क. महाद्वार रोडला सणाच्या गर्दीत लीग खेळायला जाऊ नका, चार्ज मूव्ह दाबली तरी बबल पुढं सरकत नाही, शिल्ड पडायच्या आत आपला पडलेला असतो.

पोकेमॉन गोला जिमच्या कॉईनसाठी दीड स्टार, लीगच्या स्टारडस्टला साडेतीन. ज्यांना चालू करायचंय त्यांना एवढंच सांगतो की गावातली रहदारीची जिम धरा, एस टी स्टँड नाहीतर रंकाळ्याकडची, जिथं रोज पाडणारं कोणतरी येतंय, ब्लिसीसारखा चिवट पोकेमॉन अजिबात बसवू नका, दुपारपर्यंत टिकून संध्याकाळी पडंल असा मध्यम बघा. आणि पन्हाळ्याला गेलात तर मोबाईल खिशात ठेवून झुणका-भाकर खा.